अमेरिकेतला फोन युरोपात : निघण्याआधी काय तपासायचं?

न्यू जर्सीतला चुलतभाऊ, डॅलसची मावसबहीण, नाहीतर एमएस करून तिकडेच राहिलेला मित्र. अशी मंडळी सुट्टीत पॅरिस-रोम करायला निघाली की फोनबद्दलचा प्रश्न आपल्याला येतोच. त्यांना वाटतं, फोन तोच, गुगल मॅप्स तेच, मग तयारी कसली? फोन चालतो हे खरंय. अडतं ते अमेरिकेत लागलेल्या सवयींमुळे. हा लेख त्यांना फॉरवर्ड करा.

सिम आधी, बॅग नंतर

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला 2022 च्या आयफोन 14 पासून सिमचा ट्रेच नाही. रोमच्या दुकानदाराने प्लॅस्टिकचं सिम हातात दिलं तर ते घालायला जागाच नाही, ई-सिमच घ्यावं लागतं. पण त्याआधी फोन लॉक आहे का ते बघा. तिकडे खूप जण नेटवर्क कंपनीकडूनच हप्त्यांवर फोन घेतात, आणि हप्ते फिटेपर्यंत तो बहुतेक वेळा त्याच कंपनीला बांधलेला असतो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडा. कॅरिअर लॉकसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं तर मोकळे. नाही दिसलं तर दुसऱ्या कंपनीचं ई-सिम चालणार नाही आणि आपल्याच कंपनीचं रोमिंग घ्यावं लागेल. मोठ्या कंपन्यांचा दर दिवसाला 12 डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे दहा दिवसांचे 120 डॉलर. काही प्लॅनमध्ये परदेशातला डेटा आधीच धरलेला असतो, तेही एकदा बघून घ्या.

खरा घोळ पुढे होतो. नवीन ई-सिम सुरू झालं की लोक अमेरिकेची लाइन सरळ बंद करून टाकतात. मग रेल्वेचं तिकीट काढताना बँक ओटीपी पाठवते तो त्याच बंद नंबरवर! त्यामुळे अमेरिकेची लाइन चालू ठेवा, फक्त तिचं डेटा रोमिंग बंद करा आणि डेटासाठी नवीन ई-सिम निवडा. त्या लाइनवर आलेला कॉल मात्र विचार करून उचला. काही प्लॅनमध्ये एका कॉलनेच अख्ख्या दिवसाचं रोमिंग शुल्क लागतं.

पासपोर्ट कोणता आहे?

अमेरिकन पासपोर्ट असेल तर शेंगेनच्या 29 देशांत 180 दिवसांपैकी 90 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. ऑक्टोबर 2025 पासून तिथल्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी डिजिटल नोंद सुरू झाली. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो. एटिआस नावाची ऑनलाइन परवानगीही ठरली आहे. ती लागू झाली का हे युरोपियन युनियनच्या अधिकृत साइटवरच बघा, कारण तसल्याच दिसणाऱ्या साइट जास्तीचे पैसे घेतात. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. तिथे अमेरिकनांना जानेवारी 2025 पासून ईटीए ही वेगळी परवानगी लागते.

भाऊ एच-वन-बीवर असेल आणि पासपोर्ट भारतीय असेल तर यातली सूट त्याला नाही. शेंगेन व्हिसा आधी काढावाच लागतो. शिवाय पासपोर्टवरच्या अमेरिकन व्हिसाची तारीख बघायला सांगा. ती उलटून गेली असेल तर नवा व्हिसा मिळेपर्यंत अमेरिकेत परतता येत नाही, नोकरी चालू असली तरी.

‘युरो की डॉलर?’

कार्ड मशीन किंवा एटीएम हा प्रश्न विचारतं. अमेरिकन माणूस ओळखीचं चलन म्हणून डॉलर दाबतो आणि मशीनवाल्याच्या महागड्या दराने पैसे जातात. दरवेळी युरो दाबा, लंडनमध्ये पौंड.

लंडनच्या ट्यूबमध्ये फोन टॅप करून जाता येतं, पण आत जाताना फोन आणि बाहेर पडताना घड्याळ टॅप केलं तर कार्ड एकच असूनही ते दोन अपुरे प्रवास धरले जातात आणि भाडं जास्त कापलं जातं. जर्मनीत छोट्या दुकानांत अजूनही रोख लागते. स्वीडनमध्ये उलट, रोख घ्यायलाच कोणी फारसं तयार नसतं.

टिपचं सांगायलाच हवं. अमेरिकेत स्क्रीनवर 18, 20, 25 टक्के असे पर्याय येतात आणि लोक मुकाट्याने दाबतात. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे मेनूतल्या किमतीतच असतात. वर थोडी नाणी ठेवलीत तरी छान. इटलीच्या बिलावर ‘कोपेर्तो’ दिसलं तर भांडू नका, ते टेबलाचं माणशी शुल्क आहे. आणि वेटर बिल आणत नाही म्हणजे तो विसरला असं नाही. न मागता बिल आणणं तिथे ‘उठा आता’ म्हटल्यासारखं वाटतं.

तारीख, तिकीट आणि बोंजूर

युरोपच्या तिकिटावर 04/07 लिहिलं असेल तर ते 4 जुलै. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण अमेरिकन ते 7 एप्रिल वाचतो. फोनच्या कॅलेंडरमध्ये महिना अक्षरात लिहून ठेवलेला बरा. घड्याळही 24 तासांचं करून टाका.

ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी तिथल्या सकाळी दहाला, सहा आठवड्यांनंतरच्या भेटींसाठी खुली होतात. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे चार वाजलेले असतात, त्यामुळे अलार्म लावा. इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड.

ट्रान्सलेटमध्ये भाषा आधीच डाउनलोड करा, पण पॅरिसच्या दुकानात शिरल्याशिरल्या फोन पुढे करू नका. आधी तोंडाने ‘बोंजूर’. ते न म्हणता प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणा समजतात, आणि मग तुमचं ॲप कितीही चांगलं असो, उत्तर तुटकच मिळतं. गाडीत स्पीकरवर कॉल अजिबात नको. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद, किराणा शनिवारीच.

चार्जरवर ‘100-240’ छापलेलं असेल तर फक्त पिनचा अडॅप्टर पुरतो, ब्रिटनसाठी वेगळा. केस वाळवायचं मशीन मात्र फक्त 120 व्होल्टचं असेल तर घरीच ठेवायला सांगा. तिकडे 230 व्होल्ट आहेत, धूर निघेल.