अंबरनाथचे देऊळ कोणत्या उजेडात पाहावे?

सूर्य नुकताच वर येत असतो, त्या वेळी नांगरलेल्या शेताकडे पाहा. एकेक तास, एकेक ढेकूळ वेगळे दिसते. तेच शेत भर दुपारी पाहिले, तर सारे सपाट आणि एका रंगाचे. शेत बदलले का? नाही, बदलली ती उन्हाची दिशा. ऊन तिरपे आले की उंचवट्यामागे सावली पडते, आणि त्या सावलीमुळे डोळ्याला उंचसखल कळते. गिलावा झाल्यावर गवंडी भिंतीलगत दिवा धरून पाहतो, तो याचसाठी.

एवढी गोष्ट ध्यानात ठेवून आपण ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथच्या शिवमंदिराला जाऊ. कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग अंबरनाथ. वालधुनी नदीच्या काठी हे काळ्या दगडाचे देऊळ उभे आहे. शिलाहार राजांच्या वेळचे, साडेनऊशे वर्षांहून जुने. महाशिवरात्रीला लोक दाटीने येतात, दर्शन घेतात आणि परततात. पण भिंतींवरचे कोरीव काम किती जणांनी नीट पाहिले? तुम्ही म्हणाल, "पाहिले की! सगळे झिजलेले आहे." ते खरे आहे, पण थोडे थांबा.

या देवळाच्या भिंती सरळ नाहीत, कोन काढत काढत फिरवलेल्या आहेत. त्यामुळे ऊन एका वेळी एकाच अंगाला लागते, शेजारचे अंग सावलीत राहते. देवळाचे तोंड पश्चिमेला. त्या बाजूचे नक्षीकाम पाहायचे, तर दुपार नुकतीच कलली असताना पाहावे. तेव्हा ऊन वरून भिंतीला घासत उतरते. दक्षिणेची भिंत हिवाळ्यात सकाळी किंवा चारच्या पुढे. उत्तरेच्या भिंतीवर हिवाळ्यात ऊन पडतच नाही. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपे पडते. गाभाऱ्याची तर तऱ्हाच निराळी. तो सभामंडपाच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. वरचे शिखर पुरे नसल्याने तेथे उजेड थेट आभाळातून येतो.

एकाच इमारतीची ही निरनिराळी रूपे एका चित्रकाराने जगाला दाखवून दिली आहेत. फ्रान्समध्ये रूआँ नावाच्या गावी एक जुने मोठे ख्रिस्तमंदिर आहे. १८९२ आणि १८९३ साली क्लोद मोने याने त्याच्या समोरच्या खोल्यांतून त्या एकाच दर्शनी भिंतीची तीसच्या वर चित्रे काढायला घेतली. सकाळची, दुपारची, धुक्यातली, मावळतीची. दगड तोच, पण प्रत्येक चित्र वेगळे. पुढे १९४४ साली दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकीत त्या मंदिराची फार हानी झाली. नंतर ते दुरुस्त करून पुन्हा उभे केले.

आपल्या अंबरनाथचेही असे टिपण झाले आहे. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे प्रमुख टेरी हे विद्यार्थ्यांना घेऊन येथे आले. त्यांनी देवळाची मोजून रेखाचित्रे केली, कोरीव कामाचे साचे घेतले. त्या सुमारास फोटोही घेतले गेले. दगड झिजतच राहणार. म्हणून असे टिपण मोलाचे असते.

आता म्हणाल, झिजलेले काम दिसले काय, न दिसले काय, बिघडते कुठे? ऐका. या देवळात उत्तरेच्या दाराच्या आत, वरच्या तुळईवर एक शिलालेख आहे. त्यातल्या शकाचा आकडा डॉ. भाऊ दाजी यांनी ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच आकडा ९८२ असा वाचला, आणि आज तो मानला जातो. म्हणजे इसवी सन १०६०, मुम्मुणिराजाची कारकीर्द. एक अंक सातचा की नऊचा, एवढ्यावर देवळाचे वय दोनशे वर्षांनी इकडचे तिकडे झाले! दोघेही मोठे विद्वान होते. झिजलेला दगड वाचणे असे कठीण असते.

म्हणून तिरप्या उजेडाची किंमत. अक्षरे दिसावीत म्हणून कोणी खडू घासतात, कोणी तेल किंवा शेंदूर लावतात. त्याने दगड बिघडतो. बाजूने धरलेला दिवा दगडाला शिवतही नाही, आणि काम करतो. उत्सवात समोरून रंगीत झोत टाकले की देऊळ दुरून झगमगते खरे, पण सावल्या पुसल्या जातात आणि कोरीव काम सपाट होते. दिवे लावायचेच, तर ते बाजूने आणि मंद लावावेत.

गुरुजी, वर्गात एक प्रयोग करा. ओल्या मातीच्या वडीवर पिंपळाचे पान दाबून ठसा घ्या. वडी वाळली की खिडक्या लावून घ्या. आधी बॅटरीचा उजेड समोरून टाका, मग वडीच्या कडेला टेकवून टाका. पानाची शीर न् शीर उठून दिसेल. त्यानंतर मुलांना अंबरनाथला न्या. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. तेव्हा आत बॅटरी लावायची, तर तेथील रखवालदाराला आधी विचारा. कोरीव कामाला हात मात्र कोणी लावू नये.

आणि सकाळी पोचलात, तर दुपार कलेपर्यंत थांबा. सकाळी कोरी वाटलेली एखादी जागा मुलांना दाखवून ठेवा. दुपारी तीच पुन्हा दाखवा, आणि काय दिसते ते त्यांनाच सांगू द्या.