ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी बदलताना

जबलपूरला गिअरबॉक्सचे अप्रूप नाही. १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. पुढे तिथेच जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक तयार होऊ लागले, आणि १९६९ मध्ये उभ्या राहिलेल्या व्हेइकल फॅक्टरीने शक्तिमानबरोबर निस्सानच्या आराखड्यावरची जोंगाही लष्कराला पुरवली. अशा शहरात बिघडलेला गिअरबॉक्स अंगणातच उतरवून दुसरा चढवावा, असे कुणाच्या मनात आले तर ते धाडस वाटू नये. नीट तयारी असेल तर ऑटोमॅटिक गाडीचेही हे काम घरी होऊ शकते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण शक्तिमान आणि जोंगा दोन्ही हाताने गिअर टाकायच्या गाड्या. त्यांच्यावर तयार झालेली नजर दात तुटलेत का, बेअरिंग वाजते का, हे पाहते. ऑटोमॅटिकमध्ये दातेरी चाके क्वचितच आधी जातात. आधी बिघडते ते तेल, तेलाचा दाब आणि तो दाब योग्य वेळी योग्य क्लचकडे वळवणारी यंत्रणा. म्हणून या कामाचा खरा कस गिअरबॉक्स उतरवण्यात लागत नाही. तो लागतो आधीच्या निदानात आणि नंतरच्या स्वच्छतेत.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत इंजिनाचे बळ तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते. तेच तेल क्लच दाबते, वंगणाचे काम करते आणि उष्णता बाहेर नेते. ते कमी झाले, जळाले किंवा चुकीच्या प्रतीचे भरले, तर गाडी घसरते, झटके देते, रिव्हर्समध्ये उशिरा लागते. हीच लक्षणे सोलेनॉइड चिकटल्याने, वायरिंग खराब झाल्याने किंवा बॅटरी अशक्त असल्यानेही दिसू शकतात. इंजिनाचे फाउंडेशन तुटले असेल तर त्याचा दणकाही गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो. जबलपूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो, आणि गर्दीत रखडणाऱ्या गाडीच्या तेलाला त्याची झळ बसतेच. सर्वांत फसवे प्रकरण रेडिएटरचे. अनेक गाड्यांत ट्रान्समिशनच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो. तो आतून फुटला की कूलंट तेलात मिसळतो, तेल दुधाळ होते आणि क्लचवरचे घर्षणाचे अस्तर सुटू लागते. अशा गाडीत रेडिएटर तोच ठेवून नवा गिअरबॉक्स बसवला, तर तोही त्याच वाटेने जाणार. तेलाचा रंग, वास, पातळी आणि स्कॅनरवरचे कोड पाहिल्याशिवाय बोल्टला पाना लावू नये, एवढा माझा आग्रह आहे.

आता बसवण्याकडे. बदली गिअरबॉक्सवरचा कोड जुन्याशी जुळला पाहिजे. बाहेरून सारखा दिसणारा वेगळ्या इंजिनाचा असू शकतो. उतरवताना कन्व्हर्टर आधी फ्लेक्सप्लेटपासून सोडवायचा आणि गिअरबॉक्ससोबतच बाहेर काढायचा. चढवताना घोळ होतो तो इथेच. कन्व्हर्टर फिरवत-दाबत आत सरकवला की तो टप्प्याटप्प्याने खटखट करत बसतो आणि शेवटी तेलाच्या पंपाच्या खाचांत अडकतो. तो पुरता बसला नसताना बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतला, तर पंप तुटतो आणि नवी वस्तू पहिल्याच स्टार्टला निकामी होते. म्हणून कन्व्हर्टरच्या तोंडापासून हाउसिंगच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून मॅन्युअलशी ताडायचे, दोन्ही भाग हाताने मिळवायचे आणि त्यानंतरही कन्व्हर्टर मोकळा फिरतो याची खात्री करायची. कूलर आणि त्याच्या नळ्या धुवायच्या, धुऊन साफ होत नसतील तर बदलायच्या, कारण जुन्या क्लचचा चुरा तिथेच दडलेला असतो. तेलाची पातळी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या तापमानाला तपासायची, बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून.

यावर पहिला आक्षेप जिवाच्या धोक्याचा, आणि तो पूर्ण खरा आहे. गिअरबॉक्सचे वजन माणसाच्या वजनाइतके असू शकते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणे हा गुन्हाच म्हणावा. भक्कम घोड्या, सपाट काँक्रीट, गिअरबॉक्ससाठी वेगळा जॅक, इंजिनाला आधार आणि दुसरा माणूस, यातले एकही नसेल तर काम वर्कशॉपकडे द्यावे. दुसरा आक्षेप असा की आजच्या गाड्या संगणकाच्या हुकमावर चालतात. हे गाडीगणिक बदलते. जुन्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांचे बऱ्याचदा स्कॅनरवर भागते; पण काही ड्युअल क्लच आणि सीव्हीटी गाड्यांत कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय नवे युनिट ओळखलेच जात नाही. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेली एएमटी तर रचनेने साधा गिअरबॉक्सच आहे, त्याला क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा जोडलेली. तिथे दोष अनेकदा त्या यंत्रणेत असतो आणि अख्खा गिअरबॉक्स बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तिसरा आक्षेप हमीचा. वॉरंटी शिल्लक असेल तर घरी हात लावूच नये, यावर वाद नाही.

राहता राहिले काढलेले तेल. ते कित्येक लिटर असते आणि कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. जबलपूरचे नाले नर्मदेच्या खोऱ्यातच उतरतात. ते तेल डब्यात भरून, त्यात दुसरे काही न मिसळता, वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे पोचवणे हेही याच कामात धरायला हवे, आणि तो डबा कुठे जाणार हे ड्रेन प्लग सोडण्याआधीच ठरलेले असावे.