दहा हजारांत एक

०.०१ टक्का. म्हणजे दहा हजार संगणकांमागे एक. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली आणि काही जणांच्या फायली पुसल्या गेल्या. तशा तक्रारींचं प्रमाण मायक्रोसॉफ्टने एवढंच सांगितलं. ज्यांनी आपले फोल्डर दुसऱ्या जागी हलवले होते, त्यांचे जुन्या जागचे फोल्डर नव्या आवृत्तीने रिकामे समजून काढून टाकले. आत काही आहे का, हे न बघताच.

असा दोष आधी सापडायला किती संगणक लागतील? १०० संगणकांवर तो एकदा तरी दिसण्याची शक्यता जेमतेम १ टक्का. १,००० असतील तर साडेनऊ टक्के. ९५ टक्के खात्री हवी असेल तर ३०,०००. आणि तेच १०० संगणक ३०० दिवस चालवले तरी ते १००च राहतात. ज्याने फोल्डर हलवलेलाच नाही, त्याच्याकडे हा दोष पहिल्या दिवशी दिसत नाही आणि तीनशेव्या दिवशीही नाही. चाचणीला वेळ लागतो तो तऱ्हेतऱ्हेच्या सवयींच्या माणसांपर्यंत आवृत्ती पोचायला. विंडोजमध्ये त्यासाठी ‘रिलीज प्रिव्ह्यू’ ही शेवटची पायरी होती. १८०९ च्या वेळी नेमकी तीच गाळली गेली.

डेबियन या लिनक्स प्रणालीची तऱ्हा अगदी उलट. १३ वी आवृत्ती ‘ट्रिक्सी’ ९ ऑगस्ट २०२५ ला आली, पण बदल गोठवायला सुरुवात झाली होती १५ मार्चला. मधले १४७ दिवस आधी मोठे फेरबदल बंद, मग नवी पॅकेजेस बंद, मग फक्त दुरुस्त्या. एकूण पॅकेजेस ६९,८३०. एरवीसुद्धा नवं पॅकेज ‘अनस्टेबल’मध्ये साधारण ५ दिवस मुरल्याशिवाय ‘टेस्टिंग’मध्ये जात नाही. डेबियनमध्ये सगळं शिळं मिळतं, अशी कुरकुर नेहमीची. मुरलेल्या लोणच्याला शिळं म्हणावं तशी.

डेबियनवरच बेतलेल्या उबुंटूच्या आवृत्त्या एप्रिल आणि ऑक्टोबरच्या, म्हणून क्रमांकांच्या शेवटी ०४ किंवा १०. अपवाद एकच, ६.०६. सर्व्हरसाठी ५ वर्षं सांभाळायची होती, म्हणून ती सहा आठवडे थांबवून १ जून २००६ ला आणली. मायक्रोसॉफ्टचेही सहाच आठवडे गेले: १८०९ चं वाटप चार दिवसांत थांबलं आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. फक्त तोवर लोकांचे फोटो गेलेले होते.

यातली खरी बोच पुढे आहे. फायली गेल्याच्या तक्रारी चाचणी करणाऱ्यांनी २ ऑक्टोबरच्या आधीच नोंदवल्या होत्या. पण कोणती तक्रार वर येणार हे इतरांच्या मतांवर ठरायचं; या तक्रारींना मतं कमी पडली, म्हणून त्या वर आल्या नाहीत. दहा हजारांत एकालाच होणाऱ्या दुखण्याला मतं पडणार तरी किती? नंतर मायक्रोसॉफ्टने तक्रारीच्या अर्जात एक रकाना वाढवला: नुकसान किती गंभीर आहे?