घरच्या अंगणातील मिरची : तिखट आणि गोडी

व्यापारी मनुष्य माल डोळ्यांनी पाहिल्यावाचून भाव बोलत नाही. कापूस घेताना तो धागा ओढून पाहतो, तूर घेताना दाणा दाताखाली धरून ओल अजमावतो. परंतु तोच मनुष्य बियाण्याच्या दुकानी गेला म्हणजे पुडीवरील रंगीत चित्र पाहूनच संतुष्ट होतो! घरी लावलेली मिरची बहुधा ज्या कारणाने फसते, ते कारण खतात वा पाण्यात नसून या पहिल्या निवडीत असते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच, की आपल्या तामसीच्या परिसरातील बंधुभगिनींनी बी घेण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत : मिरची कशासाठी हवी, ती कोणत्या महिन्यात लावावयाची, आणि बी कोठून आले?

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व आम्हांस अनुभवाने कळले. काही वर्षांपूर्वी आमच्या मातुःश्रींना पोटाच्या विकारामुळे तिखट वर्ज्य झाले. जेवणात काही रुची राहावी म्हणून घरच्या मंडळींनी परसात ढोबळी मिरची लावली. शेजारीच लवंगी मिरचीची दोन झाडे होती. पहिल्या वर्षी ढोबळी उत्तम आली. तिचेच एक पिकलेले लाल फळ बियांसाठी राखून ठेवले. दुसऱ्या वर्षी त्या बियांची झाडे वाढली, फळे धरली, मोठ्या हौसेने भाजी झाली. आणि पहिल्याच घासाला मातुःश्रींच्या तोंडाची आग झाली. ती रात्र त्यांनी बसून काढली. झाड आमचे, बी आमचे, हातही आमचेच. दोष कोणाला द्यावा?

मिरचीचे कूळ

मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याच्या किनाऱ्यास लागली आणि तेथून देशभर पसरली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटाचे काम मिरे, पिंपळी आणि सुंठ करीत असत.

ढोबळी, भज्यांची मोठी मिरची, ब्याडगी, ज्वाला या दिसावयास किती भिन्न! परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्या एकाच जातीच्या बहिणी होत. तिखटपणा उत्पन्न करणाऱ्या द्रव्यास कॅप्सेसिन म्हणतात. ते बियांत असते असा सर्वसाधारण समज आहे, तो बरोबर नाही. ज्या पांढऱ्या गराला बिया चिकटलेल्या असतात त्या गरात ते तयार होते. बियांना ते केवळ लागते. ढोबळी मिरचीत हे द्रव्य तयारच होत नाही, म्हणून ती गोड लागते.

तिखटाचे मोजमाप प्रथम 1912 साली अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी केले. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केला म्हणजे जिभेला जाणवेनासा होतो, यावरून त्यांनी अंक ठरविले. त्या मापाने ढोबळी शून्यावर येते, तर ईशान्येकडील भूत जोलोकिया दहा लाखांवर जाते. तिखट खाल्ल्यावर ‘आग’ का होते, याचा उलगडा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला. शरीरात उष्णता ओळखणारी जी यंत्रणा आहे, तिलाच हे द्रव्य जागे करते. या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांस 2021 साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून तोंड भाजल्यावर पाण्यापेक्षा दूध वा दही अधिक उपयोगी पडते.

कोणती मिरची कशासाठी?

रोजच्या फोडणीसाठी व ठेच्यासाठी हिरवी मिरची हवी असल्यास ‘पुसा ज्वाला’ हे वाण घरगुती लागवडीस सोयीचे आहे. लांब, सुरकुतलेली, फिकट हिरवी अशी तिची फळे असतात. ‘पुसा सदाबहार’ या वाणास आकाशाकडे तोंड केलेले मिरच्यांचे घोस लागतात, आणि नीट राखल्यास एकच झाड दोन-तीन वर्षे फळते. ज्या घरी एकच कुंडी ठेवण्याइतकी जागा आहे, त्यांनी हे वाण निवडावे.

भाजीला रंग हवा पण तिखट बेताचे हवे, तर कर्नाटकातील ब्याडगी प्रसिद्ध आहे. आपल्या तेलंगणातच वरंगळकडील चपाटा मिरची गडद लाल रंग व सौम्य तिखट यांकरिता नावाजलेली असून तिला 2025 साली भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. मात्र या वाळवून वापरावयाच्या मिरच्या होत; वर्षाचे तिखट दोन कुंड्यांतून निघत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

भाजीसाठी ‘कॅलिफोर्निया वंडर’ हे ढोबळीचे जुने व सरळ वाण आहे. पुष्कळांस वाटते की हिरवी व लाल ढोबळी या वेगळ्या जाती आहेत. वस्तुतः हिरवे फळ झाडावर तीन-चार आठवडे अधिक राहिले की तेच लाल होते. त्याची गोडी वाढते आणि त्यातील क जीवनसत्त्वही वाढते. हंगेरीचे शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हे जीवनसत्त्व विपुल प्रमाणात मिळविले ते आपल्या गावच्या गोड मिरच्यांतूनच. त्यांना 1937 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या कुटुंबांत कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य आहेत, तेथे भाजीच्या चवीचा बराच भार मिरचीवर पडतो. अशा घरी एक तिखट व एक गोड अशी दोन्ही झाडे असणे सोयीचे होय.

ऋतूचा विचार

आपल्याकडील उन्हाळ्यात पारा 44 अंशांच्या वर जातो आणि पौष-माघातील काही रात्री तो दहाच्या पुष्कळ खाली उतरतो. तिखट मिरची हे दोन्ही बऱ्याच अंशी सोसते. तिचे बी ज्येष्ठ-आषाढात टाकावे. उन्हाळ्यात झाडास दुपारची सावली दिली तर ते तगून राहते.

ढोबळी मात्र नाजूक. दिवसाचे तापमान 32 अंशांवर सतत राहिले की तिची फुले गळतात, मग कितीही खत घाला. फाल्गुनात ढोबळीचे रोप लावून चैत्रात फळाची वाट पाहणारे पुष्कळ असतात. त्यांची निराशा ठरलेलीच. ढोबळीचे बी भाद्रपदात टाकावे व रोप आश्विनात कुंडीत लावावे, म्हणजे मार्गशीर्षापासून फळे मिळतात. कडाक्याच्या थंडीत कुंडी दक्षिणेकडील भिंतीशी ठेवावी. दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देते.

रोप आणि कुंडी

बी पाव ते अर्धा इंच खोल पेरावे. उबदार हवेत आठ ते पंधरा दिवसांत ते उगवते. या काळात माती ओलसर असावी, चिखल नसावा. अति पाण्याने कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. पाच-सहा पाने आल्यावर, सुमारे पाच आठवड्यांनी, रोप निदान बारा इंच रुंदीच्या कुंडीत हलवावे. ही लावणी सायंकाळी करावी.

आपली काळी जमीन शेतात कसदार खरी. परंतु कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. म्हणून एक भाग काळी माती, एक भाग वाळू व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण घ्यावे. बोट एका पेरापर्यंत मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. कधी पूर व कधी दुष्काळ असा प्रकार झाल्यास ढोबळीच्या फळाचे बूड काळे पडून कुजते. खतही बेतानेच, नत्र अधिक झाले की झाड पानांनी डवरते आणि फळास पारखे होते. आधारासाठी तुराटी बांधावी. ती आपल्याकडे विकत आणावी लागत नाही.

किडीचा बंदोबस्त

पाने वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, असे सामान्यतः समजावे. पांढरी माशी चुरडामुरड्याचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि रोग झालेले झाड बरे होत नाही. 2021 साली परदेशातून आलेल्या काळ्या फुलकिड्यांनी तेलंगण व आंध्रातील मिरचीची शेते उद्ध्वस्त केली. फवारणीमागून फवारणी करूनही कित्येक शेतकऱ्यांच्या हाती काही लागले नाही. जे विष शेतात पुरे पडले नाही, ते घरच्या खाण्याच्या झाडावर शिंपडण्यात शहाणपण नाही.

कीड आल्यावर मारण्यापेक्षा तिला येऊच न देणे हा मार्ग अधिक हिताचा, आणि आपल्या अहिंसाधर्मासही तोच साजेसा. रोपे लहान असताना त्यांवर मच्छरदाणीचे बारीक जाळीचे कापड टाकावे. पुढे आठवड्यास एकदा पानांच्या पाठी पाहाव्यात व त्या साध्या पाण्याने धुवाव्यात. निंबोळीचा अर्क आधीपासून शिंपडल्यास त्याच्या कडवटपणाने कीड झाडाकडे फिरकेनाशी होते.

बी धरणे

आता आमच्या फसगतीचा उलगडा. मिरचीचे फूल स्वतःच फळ धरण्यास समर्थ असते. परंतु मधमाश्या व मुंग्या शेजारच्या झाडाचे पराग आणतात. त्यामुळे चालू वर्षीचे फळ बदलत नाही. बदलते ते त्यातील बी. तिखटपणाचा गुण गोडीवर मात करणारा असल्याने, लवंगीचा पराग लागलेल्या ढोबळीच्या बियांची पुढची पिढी तिखट निघते. आमच्या परसात नेमके हेच झाले होते. ज्यांस बी धरावयाचे आहे त्यांनी कळी उमलण्यापूर्वी तीवर पातळ कापडाची पिशवी बांधावी, फळ धरताच पिशवी काढून देठास दोऱ्याची खूण करावी, आणि त्या खुणेच्या फळाचेच बी घ्यावे. पुडीवर ‘संकरित’ असे लिहिले असल्यास बी धरण्याच्या भानगडीत पडू नये. त्याची पुढची पिढी आईबापांसारखी येत नाही.

आमच्या घरी आता ढोबळी पुढच्या अंगणात असते आणि लवंगी मागच्या परसात. खुणेचा दोरा मातुःश्री स्वतःच्या हाताने बांधतात. पहिली फोड त्या अजूनही मुलांकडून चाखवून घेतात, पण पुढची भाजी निर्धास्तपणे खातात.