बरगे निघतात, मळी पुढे जाते

पंचगंगेवरच्या तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला, की पुढे काय होणार हे शिरोळ तालुक्यातले शाळकरी पोरही सांगेल. आंदोलक ठिय्या देणार, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी बाटल्यांत नमुने भरणार, पंचनामा होणार, नोटिसा निघणार. मग वरून धरणाचे पाणी सुटते, बरगे काढले जातात आणि काळे, फेसाळ पाणी नृसिंहवाडीच्या दिशेने निघून जाते. बातमीही तिथेच संपते.

याला शुद्धीकरण म्हणायचे धाडस फक्त सरकारी अहवालच करू शकतो.

दगडी खांब, त्यांच्या खाचांत बसवलेल्या फळ्या म्हणजे बरगे. पावसाळा ओसरला की घालायचे, पूर येण्याआधी काढायचे. कोल्हापूर पद्धतीचा हा बंधारा स्वस्त आणि आटोपशीर, जिल्ह्यातला ऊस त्याच्यावरच उभा आहे. पण राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी बंधाऱ्यांची माळ पडल्यावर उन्हाळ्यात पंचगंगा वाहत नाही, लांबलचक डबक्यांत थांबून राहते. वाहत्या पाण्यात हवा मिसळते. थांबलेल्या पाण्यात मैला आणि मळी खाणारे जिवाणू प्राणवायू संपवतात, वर केंदाळाची चादर उजेडही अडवते. निरोगी नदीत लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या पुढे असणारा हा वायू फार खाली गेला, की मासे तोंड वर काढून तडफडू लागतात. बहुतेक वेळा पहाटे, कारण रात्रभर शेवाळही प्राणवायू सोडत नाही, उलट घेतच असते.

नदीत येणाऱ्या घाणीचे वाटेकरी अनेक. कोल्हापूरचे जयंती, दुधाळी हे नाले सगळ्यांच्या परिचयाचे. कसबा बावड्यात रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र आहे, पण नाल्यातला उपसा थांबला की मैला थेट पात्रात. मळीची गोष्ट वेगळी. आसवनीतून (डिस्टिलरीतून) निघणाऱ्या कच्च्या मळीमिश्रित सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे ती घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे चाळीस हजार मिलिग्रॅमच्या घरात असतो आणि आंघोळीयोग्य नदीला मर्यादा आहे तीनची. म्हणजे रात्रीच्या अंधारात ओढ्यात सुटलेला एखादा टँकरही साचलेल्या पाण्याला पुरून उरतो.

आणि वस्त्रनगरी इचलकरंजी. सायझिंगमध्ये सुताला दिलेली खळ प्रोसेसमध्ये धुवून निघते, त्यामागून कॉस्टिक, ब्लीच, रंग. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुती कापडावर चढावा म्हणून कुंडात भरपूर मीठ घालावे लागते. सामाईक प्रक्रिया केंद्रातले जिवाणू खळ खातात. मीठ खात नाहीत. ते विरघळलेलेच बाहेर पडते.

नेमक्या याच मिठाने तमिळनाडूत तिरुप्पूरला कोर्टात उभे केले. नोय्यल नदीवर १९९२ मध्ये शेतीसाठी बांधलेले ओरतुपाळयम धरण रंगाई कारखान्यांच्या खारट पाण्याचे तळे झाले. ज्यांच्यासाठी धरण बांधले, त्याच शेतकऱ्यांनी न्यायालय गाठले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगाई कारखाने बंद करायला लावले. पाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, ही अट. मग आरओ आले, बाष्पीभवन यंत्रे आली, मिठाचे पाणी पुन्हा रंगाच्या कुंडात जाऊ लागले. विजेचे बिल फुगले, कित्येक छोटे कारखानदार कायमचे उठले, सरकारला बिनव्याजी कर्ज द्यावे लागले. गुंडाळला जाईल असे वाटलेला धंदा मात्र टिकला, निर्यातही चालू राहिली. जॉबवर्कच्या मीटरच्या दरात हा खर्च बसत नाही, ही इचलकरंजीतल्या प्रोसेसवाल्याची तक्रार खोटी नाही. पण दर ठरवणारे व्यापारी या चर्चेत दिसतच नाहीत.

इचलकरंजीला पंचगंगेची किंमत चांगलीच ठाऊक आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्याने काविळीची साथ पसरली, माणसे दगावली. त्यानंतर शहराने पाण्यासाठी दुसऱ्यांच्या नद्यांकडे हात पसरले. वारणेचे पाणी मागितले, दानोळीकर आडवे आले. दूधगंगेवर सुळकूडची योजना मंजूर झाली, कागलकर उभे राहिले. 'आधी तुमची नदी साफ करा' हे त्यांचे म्हणणे ऐकायला बोचरे आहे, चुकीचे नाही.

सांडपाण्याची आखणी करताना पुरवलेल्या पाण्यातले ८० टक्के गटारात येणार, असे धरले जाते. सुळकूडची नळवाहिनी उद्या झालीच, तर दर दहा लिटरांमागे आठ लिटर उताराने पंचगंगेकडेच निघतील. या भांडणात दोन्ही बाजूंचे पुढारी त्या आठ लिटरांबद्दल क्वचितच बोलतात.