मिलिटरी शाळेतलं हसू

पोट्टं ऐकत नाही, मास्तरांच्या तक्रारी येतात, असं झालं की पातूरकडे ठेवणीतली धमकी बाहेर निघते: ‘टाकून देईन तुले मिलिटरी शाळेत!’ वांड पोरांना सरळ करणारी जागा, अशी या शाळेची ख्याती. 1980 चा ‘अप द अकॅडमी’ हा अमेरिकी विनोदपट याच समजुतीवर उभा आहे. घरच्यांना डोईजड झालेली मुलं लष्करी शाळेत डांबली जातात आणि तिथल्या अधिकाऱ्याच्याच नाकीनऊ आणतात.

प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे. साताऱ्याची सैनिक शाळा 23 जून 1961 रोजी सुरू झाली, ती खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मुलं घडवायला. 2019 मध्ये चंद्रपूरची सुरू होईपर्यंत राज्यात केंद्राची अशी ती एकच शाळा होती. प्रवेश सहावीत किंवा नववीत, तोही देशपातळीवरच्या परीक्षेतून. म्हणजे शिक्षा म्हणून जिथं पाठवायची भाषा होते, तिथं शिरायलाच पोराला रात्रीचा दिवस करावा लागतो.

मग अशा शाळांमधलं बंड विनोदी का वाटतं? जिथं सगळे एका तालात पाय टाकतात, तिथं एकाचा चुकलेला पाय लांबूनही दिसतो. आणि हसायला बंदी असली की हसू आवरत नाही.

याचा अस्सल नमुना अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत घडला. 1826 च्या नाताळच्या आदल्या रात्री दारूबंदी धाब्यावर बसवून कॅडेटांनी चोरून व्हिस्की आणली आणि अंडी-दुधाच्या पेयात मिसळली. जेफरसन डेव्हिस नावाचा कॅडेट मित्रांना सावध करायला धावत खोलीत शिरला आणि ‘दारू लपवा, कॅप्टन हिचकॉक येतोय’ अशा अर्थाचं ओरडला. हिचकॉक आधीच खोलीत उभा होता! त्यानं डेव्हिसला आपल्या खोलीत जायला फर्मावलं. हा मुकाट्यानं गेला. मागे खिडक्या फुटल्या, सामानाची मोडतोड झाली, पुढे 19 जणांवर लष्करी खटला चालला. डेव्हिस मात्र त्यातून सुटला. बंडाच्या रात्री हुकूम पाळल्याचा हा फायदा! हाच डेव्हिस 1861 मध्ये अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष झाला.

झां व्हिगो या फ्रेंच दिग्दर्शकानं 1933 मध्ये ‘झेरो द काँद्युइत’ या चित्रपटात वसतिगृहातल्या पोरांचं असंच बंड दाखवलं. त्यांची पहिली हत्यारं म्हणजे उशा. फाटलेल्या उशांची पिसं उडवत मिरवणूक निघते. तेवढ्यानंही फ्रान्सचं सरकार बिथरलं आणि चित्रपटावर 1945 पर्यंत बंदी राहिली.

‘टॅप्स’ (1981) हा चित्रपट मात्र हसवत नाही. त्यातले कॅडेट शिस्तीविरुद्ध उठत नाहीत. बंद पडणारी आपली लष्करी शाळा वाचवायला ते खऱ्या बंदुका उचलतात आणि रक्त सांडतं. उशा फाडणाऱ्या पोरांमुळे फार तर झाडलोट वाढते. शिस्तीपायी विचार करणं सोडून दिलेली पोरं कुठवर जातील, याचा धसका मोठ्यांनी घ्यायला हवा.