पाण्यावरची हवा

बंदिस्त तरणतलावात पाऊल टाकताच नाकात शिरणारा उग्र वास दम्याच्या मुलाच्या आईला घाबरवतो. तिची भीती निराधार नाही. पण तो वास नुसत्या क्लोरीनचा नसून मुख्यतः क्लोरामाइनचा असतो. पोहणाऱ्यांच्या घामातला आणि लघवीतला युरिया क्लोरीनच्या तावडीत सापडला की ही संयुगं तयार होतात. त्यांतलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात फारसं विरघळत नाही. ते उडून पृष्ठभागालगत रेंगाळतं आणि पोहणारा नेमकी तीच हवा खोलवर ओढतो. त्याचा त्रास हा रूढ अर्थाने ॲलर्जी नव्हे, श्वासनलिकेचा दाह आहे. दम्याच्या रुग्णाला मात्र हा फरक फारसा दिलासा देत नाही.

२००२ साली ब्रिटिश डॉक्टरांनी तलावावर काम करणाऱ्यांचा दमा थेट या वायूशी जोडून दाखवला. पुढच्याच वर्षी बेल्जियमचे संशोधक आल्फ्रेड बर्नार यांनी लहान मुलांच्या दम्याशीही त्याचा संबंध असावा, असं मांडलं आणि मोठा वाद झाला. ब्रिस्टल परिसरातल्या पाच हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीत २०११ साली असा धोका आढळला नाही. उलट, पोहणाऱ्या मुलांची फुप्फुसं जास्त सक्षम दिसली. तलावाची उबदार, दमट हवा श्वासनलिका कोरडी पडू देत नाही, म्हणून इतर खेळांपेक्षा पोहणं दमेकऱ्यांना सहसा मानवतं. अशा मुलाचं पोहणं बंद करणं हा मला त्याच्यावर अन्याय वाटतो.

मग क्लोरीनला पर्याय कोणता? जाहिरातीत सर्वांत पुढे असतो ‘सॉल्ट वॉटर पूल’. त्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तिथल्या तिथे क्लोरीनच तयार करतात. डोळ्यांना ते पाणी सौम्य वाटतं, पण घाण पाण्यात क्लोरामाइन तिथेही होतंच. दम्याच्या मुलाच्या पालकांना हा तलाव ‘क्लोरीनमुक्त’ म्हणून विकणं सरळसरळ फसवणूक आहे. ब्रोमीनची संयुगं हवेत कमी उडतात, पण त्वचेवर पुरळ उठू शकतं. ओझोन जंतू झपाट्याने मारतो. मात्र तो स्वतःच फुप्फुसांना घातक असल्याने तलावात पाणी परतण्याआधी काढून टाकावा लागतो, आणि मग तलावातल्या पाण्याच्या रक्षणाला थोडं क्लोरीन लागतंच. योग्य अतिनील दिवे क्लोरामाइन फोडतात. बंदिस्त तलावासाठी मला क्लोरीनला या दिव्यांची जोडच सर्वांत उपयोगी वाटते.

क्लोरीन पूर्णपणे वगळणारे तलावही आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळच्या रीहेन इथे २०१४ साली खुल्या झालेल्या तलावाचं पाणी वनस्पतींच्या गाळणवाफ्यांतून शुद्ध होतं. त्याला जागा भरपूर लागते, आणि एका पोहणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणारा जंतू पाण्यातच मारण्याची सोय त्यात नसते.

जर्मनीची वाट मला जास्त पटते. तिथल्या डीआयएन १९६४३ मानकानुसार लिटरमागे ०.३ ते ०.६ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीनवर तलाव चालतात आणि संयुक्त क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइनमध्ये अडकलेलं क्लोरीन, ०.२ च्या वर जाऊ देत नाहीत. एवढ्यावर भागतं ते कसून केलेल्या गाळणीमुळे आणि साबण लावून अंघोळ केल्यावरच पाण्यात उतरण्याच्या शिस्तीमुळे. ही शिस्त किती मोलाची आहे, ते कॅनडातल्या २०१७ च्या अभ्यासावरून कळतं. शरीरातून न पचता बाहेर पडणाऱ्या कृत्रिम गोडी आणणाऱ्या एका पदार्थाचं प्रमाण मोजून संशोधकांनी अंदाज बांधला, की ८ लाख ३० हजार लिटरच्या तलावात सुमारे ७५ लिटर लघवी होती.

महाराष्ट्रातले बहुतेक सार्वजनिक तलाव उघड्यावर आहेत आणि वारा ट्रायक्लोरामाइन उडवून नेतो. दमेकऱ्याने आधी तेच निवडावेत. पंपांची खोली आणि क्लोरीनचा साठा यांपासून मात्र दूर राहावं. हॉटेलातल्या किंवा इमारतीतल्या बंदिस्त तलावात जाण्याआधी संयुक्त क्लोरीन किती आहे, ते विचारावं. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं, पाणी पिवळं करणारं ऑर्थोटॉलिडीन फक्त एकूण क्लोरीन दाखवतं. संयुक्त क्लोरीन कळायला पाणी गुलाबी करणारी डीपीडी चाचणी हवी. तिच्यात मुक्त आणि एकूण क्लोरीन वेगवेगळं मोजता येतं, आणि दोन आकड्यांमधला फरक म्हणजे संयुक्त क्लोरीन.